फोटो धुवायचं पाणी

हिमनदी आटत चालली तसा आमच्या गावातला नळ दोन दिवसांआड येऊ लागला. धाकटे भावजी त्याच हिमनदीचे फोटो काढून शहरात प्रदर्शन भरवणार होते. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या पाठीवरच्या जखमा पुसण्यासाठी मी पाणी आणायला गेले, तर भावजींनी टाकीतलं उरलंसुरलं पाणी डार्करूममध्ये फोटो धुवायला सोडलेलं. “भावजी, आईंची पाठ कशानं धुऊ?” “वहिनी, वाहत्या पाण्यात धुतले नाहीत तर फोटो पिवळे पडतात. पाणी संपतंय, हे जगाला कळायला नको?” “आधी घराला कळू द्या.” “रोज जप करणाऱ्या बाईनं रागवावं?” ते हसले. तेवढ्यात डार्करूममधल्या नळाला उचकी लागली आणि धार तुटली. माझा आवाज चढला नाही. रिकामी बादली त्यांच्या हातात दिली. “फोटो काढायला वर चढला होतात ना? तिथूनच आईंपुरतं पाणी आणा. कॅमेरा इथेच ठेवा.”