बसवाल्या काकांचं विमान

"तीस वर्षं बस चालवली, आरशालासुद्धा ओरखडा नाही. तुमचं हे चिमुकलं विमान म्हणजे माझ्या हातचा मळ!" रिटायर्ड ड्रायव्हर काकांनी फ्लाइंग क्लबच्या मॅडमना पहिल्याच दिवशी ऐकवलं.

एकट्याने केलेल्या पहिल्या फेरीत काकांनी विमान अगदी अलगद टेकवलं. पण धावताना ते डावीकडे ओढायला लागलं, तशी काकांनी बसच्या सवयीने समोरचं स्टिअरिंगसारखं हँडल पार उजवीकडे फिरवलं. विमानाने जराही दाद दिली नाही. ते गवतात घुसलं आणि कुंपणाला जाऊन भिडलं.

"काका, जमिनीवर विमान हाताने नाही, पायाने वळतं!" मॅडम कडाडल्या. "उजवा पाय दाबला की उजवीकडे, डावा दाबला की डावीकडे. अजून एकदा धडकलात, तर क्लबमधून नाव कट."

मग काय, पंधरा दिवस काका घरी हात मांडीखाली दाबून खुर्चीत बसायचे. भाजी चिरता चिरता काकू ओरडायच्या, "उजवीकडे!" की यांचा उजवा पाय खाडकन खाली.

आज काकांनी विमान टेकवलं आणि धावपट्टीच्या मधोमध नाकासमोर आणून उभं केलं. मॅडमनी स्वतः टाळ्या वाजवल्या. काका ऐटीत काकूंना मोटारीत शेजारी बसवून घरी निघाले.

क्लबच्या आवारातल्याच वळणावर काकू म्हणाल्या, "उजवीकडे," काकांचा उजवा पाय खाडकन ॲक्सिलरेटरवर पडला, आणि मोटार सरळ मॅडमच्या केबिनमध्ये शिरली.