श्राद्धाची रजा

नरसिंहराव चपला काढून आत आले आणि दारातच थबकले. स्वयंपाकघरातून उप्पिटाचा वास येत होता. त्यात कांदाही होता.

"पद्माकर, तुझ्या वडिलांची तिथी पंचमी," खुर्चीत अंग टाकत ते म्हणाले. "दरवर्षी श्राद्धाला ब्राह्मण म्हणून मीच बसतो. परवाच तुझ्या घरी वडे खाऊन गेलो. आज सप्तमीला पुन्हा श्राद्धाची रजा? कोणाचं घातलंस?"

 विमान कारखान्यात रजा मंजूर करणारा साहेब हाच आणि घरी पानावर बसणारा ब्राह्मणही हाच, एवढंसुद्धा पद्माकरच्या डोक्यात आलं नव्हतं. थापा मारायची सवय नसली की माणूस असा तोंडघशी पडतो.

तो उघड्या अंगाने भिंतीला टेकून बसला होता. जानव्याला लोक किल्ली बांधतात, याने आपला पितळी शिक्का बांधला होता. कारखान्यात प्रत्येक तपासनिसाचा शिक्का वेगळा. तो ज्याचा त्याने सांभाळायचा, दुसऱ्याने हातसुद्धा लावायचा नाही. आणि तो उमटल्याशिवाय साधा नटही विमानात बसत नाही. म्हणून तर साहेबाला स्वतः चामराजपेटेतल्या या घरापर्यंत यावं लागलं.

"घ्या अण्णा," म्हणत पद्माकरच्या बायकोने, कल्पनाने, कॉफी ठेवली आणि ती तिथेच उभी राहिली. पाकिस्तानशी लढाई सुरू झाल्यापासून तिने घरातला रेडिओ बंद केला नव्हता. तिचा धाकटा भाऊ श्रीकांत पंजाबातल्या तळावरून लढाऊ विमान उडवत होता.

"लंडनने हात वर केले," नरसिंहराव म्हणाले. "लढाई थांबेपर्यंत सुटे भाग नाहीत. अमेरिकेचंही तेच. रशिया देतो म्हणतो, पण त्यांचे आटे निराळे, आपल्या इंग्रजी विमानाला त्यांचा एक स्क्रू लागायचा नाही. त्यात कालपासून चीन सिक्कीमच्या बाजूने दम देतोय. मग राहिलं काय? आपण केलेली कडी."

बांगडीएवढं रबरी कडं. विमानाची चाकं बाहेर ढकलणाऱ्या नळीत बसतं. ते फाटलं की तेल गळतं आणि चाकं पोटातच अडकून राहतात. आजवर ही कडी लंडनहून यायची. कारखान्याने या महिन्यात पहिल्यांदाच स्वतः केली होती.

"चाचणी अर्धीसुद्धा झालेली नाही," पद्माकर म्हणाला. "पुरी व्हायला पंधरवडा लागेल."

"पंधरवडा कोण देतो रे? दिल्लीहून सारखे फोन. म्हणे धोरण ठरलं, आता देशाने स्वतःच्या पायावर उभं राहायचं. सरी, ठीक आहे, राहू की. पण पाय तपासायला स्वल्प वेळ द्या म्हटलं, तर फोन ठेवून देतात." नरसिंहरावांनी डोळे चोळले. लढाई लागल्यापासून ते कारखान्यातच झोपत होते, आणि झोपत होते म्हणणंही खरं नव्हतं.

"मी शिक्का नाही मारला तर?"

"तर झिजलेल्या कड्यांवर उडतील. काल एक विमान पोटावर उतरलं. चाकं उघडलीच नाहीत. पोरगा वाचला कसाबसा."

"कोण?" कल्पनाने विचारलं.

"श्रीकांत नाही, वहिनी."

तिला हायसं वाटलं. दुसऱ्या कोणाच्या पोराच्या नावाने हायसं वाटलं, याची लगेच लाजही वाटली.

"जुनं कडं फाटलं तर लोक नशिबाला बोल लावतील," पद्माकर जमिनीकडे बघत म्हणाला. "हे फाटलं तर बोल मलाच. मला भीती वाटते, अण्णा. म्हणून घरी बसलो."

"मलाही वाटते. पण माझ्याकडे शिक्का नाही. असता, तर तुला उठवायला आलो नसतो." त्यांनी कॉफी संपवली आणि ते जीपमध्ये जाऊन बसले. चल असंही म्हणाले नाहीत.

 पद्माकर उठला आणि खुंटीवरचा शर्ट त्याने अंगात घातला.

"अहो," कल्पना जवळ येऊन हळूच म्हणाली, "ते चाचणीच्या यंत्रावर आहे ना एक कडं, इतके दिवस टिकलंय म्हणता. तेवढं श्रीकांतच्या विमानाला लावायला सांगाल? तुमच्या कारखान्यातलं मी आजवर काही मागितलं नाही."

त्याला तिचा राग आला नाही. रागवायला त्राणही नव्हतं.

"चाचणीचं कडं विमानात बसवत नाहीत गं. झिजवून झिजवून त्याचा जीव काढलेला असतो. ते फेकून द्यायचं."

"मग विमानात बसवता ती?"

"त्याची भावंडं. एकाच साच्यातली. एक टिकलं, म्हणजे बाकीचीही टिकतील, असं धरून चालायचं. इंग्रजही तेच करतात."

"आणि श्रीकांतने काय करायचं?"

पद्माकरने शर्टाची गुंडी लावली.

"त्याने उतरताना कळ दाबायची," तो म्हणाला, "आणि चाकं उघडतात का बघायचं."