अण्णांचं घर

थोरल्या भावाच्या, उमाकांतच्या कर्जापायी राजाजीनगरातलं वडिलोपार्जित घर जाऊ नये, म्हणून विद्याधरने महिनाभर कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. शेवटी वडिलांना, म्हणजे अण्णांना, सोबत नेऊन घर त्यांच्याच नावावर असल्याचा दाखला मिळवला. परत येऊन बघतो, तर दारावर जप्तीची नोटीस!

"बेलिफाला सांगितलं नाहीस, घर अण्णांचं आहे म्हणून?" तो बायकोवर कडाडला.

"सांगितलं की! तुम्ही पढवलंत तस्संच," नुकतीच पुण्याहून आलेली प्रतिमा म्हणाली. "वर त्याला नीट कळावं म्हणून कन्नडात सांगितलं, 'अण्णंदु!' तोही खूश झाला. 'सरी अक्का' म्हणत लगेच डिंकाची बाटली काढली."

विद्याधरने कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, कन्नडात अण्णा म्हणजे थोरला भाऊ!"