चढावरचा इतिहास

"थांब जरा. हा बुरूज बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही," शिंपी म्हणाला आणि सायकलवरून जवळजवळ पडलाच.

पुढे गेलेली लेक मागे वळली. तेवढ्यात त्यानं सायकल बुरुजाला टेकवली, तिच्याकडे पाठ केली आणि मिळेल तेवढी हवा गिळली. छातीत शिवणयंत्र धडधडत होतं. "शत्रू दिसला की इथं... जाळ करायचे," तो दगडांकडे बघून म्हणाला. शाळेत तो इतिहासातच नापास व्हायचा, पण आज गरज होती.

लेक परवा नोकरीसाठी समुद्रापार निघणार होती. अशीच संधी तिनं आईच्या आजारपणात एकदा सोडली होती. आई गेली, संधीही गेली. आता बापाला दम लागतो हे कळलं, तर ही पोरगी भरलेली बॅग उघडून कपडे पुन्हा कपाटात लावील, याची त्याला खात्री होती. म्हणून "जाण्याआधी टेकड्यांवरून सायकलनं फिरून येऊ," असं ती म्हणाली, तेव्हा तो फुशारकीनं हो म्हणून बसला. आता जीव टांगणीला लागला होता.

बुरुजानंतर पडकी वेस आली. मग दगडी पूल. दर ठिकाणी तो उतरला आणि दर ठिकाणी कुणीतरी राजा निघाला, कुणीतरी फितूर. थापा संपत आल्या की लेक नेमकं विचारायची, "मग पुढं काय झालं?" पोरीला गोडी लागलेली बघून त्याला बरं वाटायचं. तो आणखी एक लढाई ठोकून द्यायचा.

शेवटच्या चढावर मात्र काहीच नव्हतं. एखादी बुजलेली विहीरसुद्धा नाही. अर्ध्यात त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. आता बिंग फुटणार, तो घाबरला.

वळणावर लेक उतरलेली दिसली. तिथं एक कोरा करकरीत बसथांबा होता. बाकाचं प्लॅस्टिकही अजून कुणी काढलं नव्हतं. तिनं शेजारची जागा थोपटली.

"बस, बाबा. आता याचा इतिहास सांग."

"याचा कसला इतिहास? परवा तर बांधलाय."

"मग दम कधीपासून लागतोय, ते सांग. ते जुनं असणार."

तो मटकन बसला. बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला, या वेळी पाठ न फिरवता. मग हळूच म्हणाला, "पण तू जाशील ना?"

"खरं सांगितलंस, तरच जाईन."