वाळूवरचं पाऊल

चौऱ्याऐंशी साली अभयारण्य झालं आणि नदीकाठचं गाव उठवून दूर नेलं. पण "बोरिंगच्या पाण्याले चव नाई" म्हणत म्हातारी रुखमाबाई रोज सकाळी वाळूतल्या जुन्या झिऱ्यावर पाण्याला जायचीच. तिथं माणसांना बंदी, आणि चौकीदार तिचाच मुलगा, वारलू. तो पळसाच्या फांदीनं आईची पावलं गुपचूप पुसून टाकायचा.

आजही पुसली, तोच वनखात्याच्या साहेबांचे पाहुणे आले. वाळू पाहून हरखले. "माणसाचं एक पाऊल नाही इथं!"

वारलूचा जीव भांड्यात पडला.

दुपारी त्याची बायको वच्छला धापा टाकत आली. "अवो, माय सकाळची गेली, अजून घरी नाई आली!"

वच्छला त्याला वाळूकडं ओढू लागली.

"तुमाले तं वाघाचाबी माग काढता येते. पाहा ना वाळूत, माय कोन्या बाजूनं गेली?"