बाभळीवर जैसे थे

बाभूळ वाळली. कोर्टाच्या लेखी मात्र ती अजून हिरवी आहे, तेव्हा आपणही ती हिरवीच समजून पुढे जाऊ.

शिंदखेड्याजवळच्या एका बांधावर ही हिरवी बाभूळ. अलीकडे उखर्डूचं शेत, पलीकडे त्याचा चुलतभाऊ कौतिक. झाड कोणाचं, यावर कोर्टाने जैसे थेचा हुकूम दिलेला: पान, काडी, शेंग, कोणी काही हलवायचं नाही. सावलीबद्दल हुकुमात काही नव्हतं, म्हणून उखर्डूच्या शेळ्या तिच्यात बसत. शिवारात दुसरी सावलीच नव्हती.

अळ्यांना हुकूम पोचला नव्हता. त्या पाला खात, काड्या कातरून अंगाभोवती घर बांधत आणि घरासकट फिरत.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका दुपारी उखर्डू अळ्या ओढून काढायला लांब बांबूची आकडी घेऊन आला. कौतिक तलाठ्यांना बोलावून आधीच काठी धरून बसलेला.

“अळ्या काढस ना मी. झाड मरी ऱ्हायनं.”

“हात लाव, मंग जेलमा बठशी,” कौतिक म्हणाला. “मरू दे. पडू दे तुन्या शेळ्यास्ना डोकावर ऊन.”

तलाठी शेतकी शाळेत शिकलेले. “थोडं थांबा,” ते उखर्डूला म्हणाले. “नराचा पतंग होतो, उडून जातो.”

“आनि मादी?”

“तिला पंख नसतात. घरातच अंडी घालते, घरातच मरते. मग पिल्लं धाग्याने उतरून नवी घरं बांधतात.”

“आठेच?”

“इथेच.”

उखर्डूने आकडी उचलली. तेवढ्यात एक अळी घरासकट धाग्यावरून उतरली आणि कौतिकच्या टोपीवर बसली. कौतिकचा हात वर गेला.

“झटकू नको!” उखर्डू ओरडला. “काडी झाडनी शे! तलाठीआप्पा, लिखी ल्या, यानी हुकूम मोडा!”

हात हवेतच राहिला. अळी टोपीवरून कपाळावर आली, भुवईवर थांबली. कौतिकने ओठ न हलवता उखर्डूच्या सात पिढ्यांना शिवी दिली.

उखर्डूने आकडी खाली ठेवली आणि समोर मांडी घालून पहाऱ्याला बसला. सावलीला चाळणीसारखी भोकं पडली होती. शेळ्या सरकून सरकून बसत होत्या.

“तुमचं म्हणणं काय लिहू?” तलाठ्यांनी विचारलं.

तारखा खाऊन खाऊन उखर्डूला कोर्टाची मराठी पाठ झाली होती. कौतिकच्या भुवईवरची नजर न हटवता तो सांगू लागला:

“तरी निकाल लागेपर्यंत सदर बाभळीने हिरवे राहावे, असा हुकूम मेहेरबान कोर्टाने तिच्यावर बजावावा, ही नम्र विनंती.”