नडगीसाठी एक वाक्य

डॉक्टरांनी पुन्हा सुई टोचली. नडगीवर, घोट्याजवळ, तळव्यावर.

"इथं काही होतंय का, बाळ?"

भिंगरीने डोळे घट्ट मिटले, उशीचं टोक मुठीत धरलं आणि मान हलवली. नाही.

लोखंडी फाटक पायावर पडल्यावर तिला इथं आणलं, तेव्हा रडून रडून तिने वॉर्ड डोक्यावर घेतला होता. काल दुपारपासून मात्र चिडीचूप. शेजारच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्याही, पोर गुणाची हो, हूं की चूं नाही. आईला त्या गुणाचीच धास्ती वाटत होती. डॉक्टरांनी तिला दाराबाहेर नेऊन हळू आवाजात सांगितलं, की संध्याकाळपर्यंत पायात जाणीव आली नाही, तर गुडघ्याखालून पाय कापावा लागेल.

ती परत येऊन खाटेशी बसली. शब्दकोशाचं काम मांडीवर ओढलं. ते नसतं, तर या हातांचं करायचं काय, हे तिला कळलं नसतं. 'न'चे सगळे शब्द झाले होते, एक सोडून. थट्टा करायला दैवाला दुसरं कुणी मिळालं नव्हतं.

नडगी. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचं पुढचं हाड. अर्थ केव्हाच लिहून झाला होता. त्याखाली उदाहरण म्हणून साहित्यातलं एक वाक्य तेवढं हवं होतं. पिशवीतली पुस्तकं तिने पालथी घातली. कुणी कुणाच्या नडग्या फोडायला निघालेलं, कुणाच्या उपासमारीने नुसत्या नडग्या उरलेल्या. उड्या मारणारी, धडधाकट नडगी एकानेही लिहिली नव्हती. अक्षरं पुसट व्हायला लागली, तसा तिने पदर डोळ्यांना लावला आणि घाईने काढला. लेक बघत होती.

"काय शोधतेस गं आई?"

तिने सांगितलं. एक शब्द आहे, त्याला वाक्य मिळत नाही. कुठला, ते सांगताना तिची नजर चादरीखालच्या पायाकडे गेली.

"म्हणजे ही?" भिंगरीने चादरीकडे बोट केलं. मग जरा विचार करून म्हणाली, "मी सांगू?"

कोशातलं वाक्य छापील पुस्तकातलंच लागतं. पण आज लेकीला ते कोण सांगणार? आईने पेन उघडलं.

"सांग, राणी."

भिंगरी छताकडे बघत, गोष्ट सांगायच्या सुरात, आईला लिहायला जमेल अशा बेताने बोलू लागली.

"तिची नडगी खूप ठणकत होती, आणि सुई तर अशी लागायची की बस्स. पण दुखतंय म्हटलं की आई रडते, म्हणून ती डॉक्टरांना नाही म्हणाली."